टायरॉडचा सांधा सोडविण्याचें हत्यार

मोटारीच्या टायरॉडच्या टोकाची खुंटी निमुळत्या भोकांत घट्ट बसलेली असते. नट काढिला तरी ती सुटत नाहीं. त्याकरितां दोन दांत्यांची पाचर किंवा स्क्रूचा पुलर घ्यावा लागतो. पाचर स्वस्त खरी, परंतु ठोकतांना रबरी टोपी बहुधा फाटते. सांधा टाकूनच द्यावयाचा असल्यास हरकत नाहीं. तोच पुन्हां बसवावयाचा तर पुलरच घ्यावा, असें आमचें मत आहे. त्याचें तोंड आपल्या सांध्यावर बसतें कीं नाहीं, हें मापून पाहावें. शेजाऱ्याकडून मागून आणलेला पुलर हटकून लहान पडतो! दाब देतांना नट दोनतीन आट्यांवर राहूं द्यावा, नाहींतर सांधा उसळून हातास इजा होते. जुनें टोक काढतांना फेरे मोजावे. स्प्लिट पिन नवीच घालावी. ती राहिल्यास नट गळून चालत्या गाडीचें चाक ताब्याबाहेर जातें. नंतर चाकांचें अलाइनमेंट कारखान्यांत तपासून घ्यावें.