स्लॅबला पाणी का घालतात?

शेजारचे चाचा घराला लागून एक खोली आणि रिक्षासाठी गॅरेज बांधत आहेत. पाया झाला, भिंती झाल्या, परवा स्लॅब टाकला. काल तो टणक दिसू लागला. पाऊस तोंडावर आला आहे, म्हणून चाचा म्हणाले, "टेकू काढा, रिक्षा आत घेतो." गवंड्याने साफ नकार दिला. त्याचे बरोबरच होते!

सिमेंट वाळून घट्ट होत नाही. पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होते, म्हणून ते घट्ट होते. पाणी आटले तर ही क्रिया अर्धवट राहते. स्लॅब कच्चा राहतो, त्याला तडे जातात. म्हणून स्लॅबवर छोटे बांध घालून निदान ७ दिवस पाणी साठवतात. गाळा साडेचार मीटरहून मोठा असेल, तर टेकू १४ दिवस ठेवतात.

चाचांची रिक्षा सध्या ताडपत्रीखाली उभी आहे.