सरोजिनी नगरच्या सज्ज्यात वनौषधी

दिल्लीतील सरोजिनी नगर ही केंद्रीय कर्मचाऱ्यांची जुनी वसाहत. तिच्यासह सात वसाहतींच्या पुनर्विकासास २०१६ मध्ये मान्यता मिळाली. आता बहुमजली इमारतींत अंगणाची माती नाही. वनौषधींसाठी उरतो तो सज्जा.

महाराष्ट्रातून बदलीवर आलेल्या कुटुंबास येथे पहिली काळजी लागते ती तुळशीची. गावी बारमाही हिरवी राहणारी तुळस दिल्लीच्या जानेवारीत, पारा ५ अंशांखाली उतरला की, काळवंडते. पाणी कमी पडले असे समजून अधिक पाणी घालणे ही नेहमीची चूक. थंड, ओल्या मातीत मुळे कुजतात. अशा वेळी कुंडी रात्री आत घ्यावी व वरची माती सुकल्यावरच पाणी द्यावे. एकदोन मंजिऱ्या बियाण्यासाठी राखून बाकीच्या आधीच खुडाव्यात. मार्चमध्ये त्या बियांपासून नवे रोप होते.

कोथिंबिरीचे गणित उलटे. धने रगडून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरल्यास हिवाळाभर पाने मिळतात. ऊन वाढताच ती फुलोऱ्यावर येते. पुदिन्यास स्वतंत्र, पसरट कुंडी हवी, अन्यथा तो शेजाऱ्यास जगू देत नाही.

मे-जूनच्या लूमध्ये पश्चिमेच्या सज्ज्यावर हिरवी जाळी बांधावी आणि पाणी पहाटेच द्यावे.