पाच चाळीस

संध्याकाळी दीदींचा सत्कार आहे आणि ओळख करून द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. म्हणून आज दिवसभर त्यांच्या मागे हिंडायचं ठरवलं. त्यासाठी सुट्टी मी टाकली, त्यांनी नाही.

सकाळी ६.५०. क्वीन्समधलं जॅक्सन हाइट्स स्टेशन. दीदी मूळच्या नेपाळमधल्या पोखराच्या, न्यूयॉर्कमध्ये लोकांची पोरं सांभाळतात. जागा मिळताच डोळे मिटतात, नेमक्या स्टेशनावर उघडतात. कल्याण लोकलमधल्या बायकांसारखंच.

८.००. मॅनहॅटन. इमारतीच्या दारात त्यांनी पर्समधून पंज्याएवढी वही काढली. तारीख, पुढे ८.००. वही आत, दीदी वर. मी अर्थातच खाली.

१०.३०. रिव्हरसाइड पार्क. बाबागाड्या, घसरगुंडी आणि बाकांवर त्रिनिदाद, फिलिपिन्स, नेपाळ, बांगलादेश. या कामाला कारखाना नाही, एका घरात एकटीच कामगार. त्यामुळे युनियनचा नाका म्हणजे असली बाकं. पत्रकं इथेच वाटली गेली, इथूनच बायका बस भरून राज्याच्या राजधानीत, ऑल्बनीला, आमदारांच्या दारात गेल्या आणि २०१० मध्ये घरकामगारांच्या हक्कांचा कायदा झाला. आठवड्याला ४० तासांवर दीडपट मजुरी, मालकाच्या घरीच राहणारीला ४४ तासांवर. सात दिवसांत एक सुट्टी. वर्ष भरलं की तीन दिवस भरपगारी रजा. तीनच? मी दोनदा विचारलं. तीनच.

एक नवी मुलगी शेजारी येऊन बसली. दोन महिन्यांचे पैसे थकलेत. दीदींनी हकिगत विचारलीच नाही. म्हणाल्या, "तास लिहिलेस?"

"नाही. आणि दीदी, माझ्याकडे कागद नाहीत."

"मजुरी मागायला व्हिसा लागत नाही. तास लागतात." थकलेल्या मजुरीसाठी इथे सहा वर्षं मागे जाता येतं, पण आठवणीपेक्षा वही बरी. पर्समधून एक कोरी वही निघाली, वर स्वतःचं पेन.

१.०० ते ३.००. बाळ झोपलेलं. मी सँडविच खाल्लं.

५.००. सुटायची वेळ. बाळाच्या आईची मीटिंग लांबली. सत्कार ६.३० ला.

५.४०. दीदी जिना उतरत आल्या, माझं पेन मागितलं, भिंतीला वही टेकवून ५.४० लिहिलं. मग पळालो.

७.०५. वुडसाइड, तळघरातला हॉल. गळ्यात खादा पडला, सन्मानाचं उपरणं, पांढरं, रेशमी. माझ्या भाषणातला 'रणरागिणी' हा शब्द मी ट्रेनमध्येच खोडला होता. दीदी माइकवर म्हणाल्या, "उशीर झाला, माफ करा. चाळीस मिनिटं लिहून ठेवलीत." पाहुणे गंभीर राहिले, कामाला जाणाऱ्या बायका खो-खो हसल्या.

९.१५. मोमो संपत आलेले. पार्कातली ती मुलगी पेन परत द्यायला आली. दीदींनी पेन घेतलं नाही, तिची वही मागितली. आजची एकच ओळ.

"मागचं?"

"आठवत नाही, दीदी."

दीदींनी दोन खुर्च्या समोरासमोर ओढल्या. "बस. बाळाला ताप कुठल्या दिवशी आला होता, तिथून सुरू कर."