झिजून उरलेले डोंगर

जयपूरला गेलेला मराठी माणूस नाहरगडावरून खालचं शहर पाहतो, फोटो काढतो आणि उतरतो. पायाखालच्या खडकाकडे कुणी बघत नाही. सह्याद्रीत वाढलेल्या डोळ्यांना खरं तर तो लगेच खटकायला हवा. आपल्याकडे लाव्ह्याचे थर आडवे, एकावर एक. इथले तिरके, कुठे कुठे तर जवळजवळ उभे.

हा क्वार्टझाइट. दीड अब्ज वर्षांपेक्षाही आधी उथळ पाण्याखाली साचलेली वाळू पुढे खोल गाडली गेली, तापली, दुमडली. आपला बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे यापुढे कालचं पोर. या खडकातले कण सिलिकाने इतके घट्ट सांधले गेलेत, की घण मारला तर भेग कणांना वळसा न घालता आरपार जाते. पावसाने तो सहसा कुजत नाही. शेजारचे मऊ शिस्ट खडक झिजले, सपाटी खाली गेली आणि क्वार्टझाइटच्या धारा वर राहिल्या. पायथे मग वाऱ्याने आणलेल्या वाळूने आणि गाळाने भरले. पूर्व आफ्रिकेत सेरेंगेटीच्या गवतातून डोकावणारी ग्रॅनाइटची टेकाडं अशीच झिजेतून उरलेली आहेत.

जयपूरला वर्षाला साधारण 600 मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. उतारांवर माती नावापुरती, त्यामुळे पाणी वाहून जातं. नाहरगडाशेजारचा जयगड किल्ला बांधणाऱ्यांनी नेमकं हेच हेरलं आणि डोंगरावरचं पाणी पाटांनी गडावरच्या टाक्यांत आणलं.

या कातळाच्या फटींत मूळ रोवतो तो धोक, आपल्या धावड्याचा भाऊबंद. उन्हाळ्यात निष्पर्ण, पावसात हिरवागार. गुरांनी सतत ओरबाडला तर जमिनीसरपट पसरतो, पण मरत नाही. खाली सपाटीवर गवत, बोर, हिवर आणि शमी. अशा विरळ झाडांच्या गवताळ मुलखाला कागदोपत्री 'अवनत वन' किंवा 'पडीक' म्हणायची आपल्याकडे खोड आहे. मग तिथे झाडं लावायची मोहीम निघते, आणि राजस्थानात अशा उत्साहातूनच वेडी बाभूळ फोफावली.

शहराला खेटून असलेल्या झालानाच्या सुमारे 20 चौरस किलोमीटरच्या राखीव जंगलात बिबटे आहेत. दुपारी ते खडकांच्या कपारींत सावलीला पडून असतात. सफारीच्या जीपमधले पर्यटक मात्र झाडांच्या फांद्याच न्याहाळत बसतात.