एमएफटीला अर्ज करण्याआधी तासांचा हिशेब मांडा

मानसशास्त्रात बी.ए. झालेले विद्यार्थी शिफारसपत्र मागायला येतात, तेव्हा हल्ली अमेरिकेतल्या एका पदवीचं नाव कानावर येतं: मॅरेज अँड फॅमिली थेरपी, थोडक्यात एमएफटी. माहितीपत्रकात ती दोन ते तीन वर्षांची दिसते आणि पालक त्याच हिशेबाने कर्जाची तयारी करतात. पण नुसत्या पदवीवर तिथे स्वतंत्रपणे काम करता येत नाही. त्यासाठी राज्याचा परवाना लागतो, आणि परदेशी विद्यार्थ्याची गाडी अडते ती बहुधा पदवी आणि परवाना यांच्या मधल्या टप्प्यावर. म्हणून आपण या विषयाकडे थोडं उलट्या बाजूने पाहूया. आधी परवाना, मग अर्ज.

त्याआधी ही पदवी आहे तरी काय? आपल्या वर्गातलंच उदाहरण घ्या. एका मुलाचं दर सोमवारी पोट दुखतं, डॉक्टरांना काही सापडत नाही. नेहमीचा समुपदेशक त्या मुलाशी बोलेल. एमएफटी शिकलेली व्यक्ती विचारेल की रविवारी रात्री घरात काय घडतं, पोट दुखलं की कोण कोणाशी बोलायला लागतं, आणि कोणाचं भांडण थांबतं. म्हणजे उपचार माणसावर नाही, नात्यांच्या जाळ्यावर. अमेरिकेत १९५०च्या दशकात या विचाराने मूळ धरलं. कॅलिफोर्नियात पालो अल्टो इथे ग्रेगरी बेटसन यांचा गट कुटुंबातल्या संवादाचा अभ्यास करत होता. पुढे व्हर्जिनिया सटीर, मरे बोवेन, साल्वाडोर मिनुचिन यांनी आपापल्या पद्धती घडवल्या. आज तिथल्या पन्नासही राज्यांत या व्यवसायाचा स्वतंत्र परवाना आहे.

प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. आपण कॅलिफोर्निया घेऊ. तिथे पदवी ६० सेमिस्टर युनिटची असावी लागते. शिकतानाच प्रॅक्टिकम असतं, त्यात प्रत्यक्ष समोरासमोर समुपदेशनाचे किमान १५० तास आणि त्याखेरीज आणखी ७५ तास. हे सगळे प्रशिक्षित थेरपिस्टच्या देखरेखीखाली. पदवीनंतर ‘असोसिएट’ म्हणून नोंदणी करायची, काम करत एकूण ३००० तास भरायचे, कायदा व नीतिनियमांची एक आणि क्लिनिकल अशी दुसरी परीक्षा द्यायची. मग परवाना.

आता पाटी-पेन्सिल घ्या. या ३००० तासांपैकी जास्तीत जास्त १३०० तास पदवीच्या आधीचे धरता येतात. एका आठवड्यात ४० पेक्षा जास्त तास मोजले जात नाहीत, आणि देखरेखीखालचे किमान १०४ आठवडे भरावे लागतात. शिवाय किमान ५०० तास जोडपी, कुटुंबं आणि मुलं यांच्यासोबतचे हवेत.

दुसरीकडे विद्यार्थी एफ-१ व्हिसावर असतो. पदवीनंतर त्याला ओपीटी म्हणजे कामाची परवानगी १२ महिन्यांची मिळते. इंजिनिअरिंगच्या मुलांना तिला २४ महिन्यांची जोड मिळते, ती एमएफटीला नाही, कारण हा विषय त्या यादीत बसत नाही. त्या १२ महिन्यांतही ९० दिवसांहून जास्त काळ बेकार राहता येत नाही.

समजा मुलीने शिकताना ५०० तास भरले. उरले २५००. ते ५२ आठवड्यांत भरायचे तर आठवड्याला ४८ तास पडतात, आणि मोजले जातात ४०. म्हणजे जमतच नाही. तिने शिकतानाच पूर्ण १३०० तास भरले, तर उरतात १७००, आठवड्याला साधारण ३३. कागदावर जुळतं. पण पदवीच्या दिवशी नोकरी हातात हवी, एकही आठवडा रिकामा जाऊ नये, अशिलांनी ऐनवेळी भेटी रद्द करू नयेत, आणि १०४ पैकी ५२ आठवडे शिक्षणातच भरलेले असावेत. इतकं सगळं जुळून येणं कठीण. मग उरतो तो एच-वन-बी, म्हणजे व्हिसा देणारी संस्था शोधणं आणि बहुतेकांसाठी सोडत.

याचा अर्थ मुलांना परावृत्त करा असा नाही. अर्ज करतानाच विद्यापीठाला नेमके प्रश्न विचारायला लावा, एवढंच. प्रॅक्टिकम कॅम्पसच्या बाहेर असेल तर त्याला सीपीटी लागते. ती आठवड्याला २० तासांपर्यंत असेल तर ओपीटीला धक्का लागत नाही, पण पूर्णवेळ १२ महिने घेतली तर ओपीटी जाते. प्रॅक्टिकमची जागा विद्यापीठ मिळवून देतं की विद्यार्थ्याने दारोदार फिरायचं? मागच्या परदेशी विद्यार्थ्यांनी पदवीपर्यंत किती तास भरले? त्यांतल्या किती जणांना परवाना मिळाला? अभ्यासक्रमाला सीओएएमएफटीई या संस्थेची मान्यता आहे का, हेही बघा. काही राज्यांत तिच्याशिवाय पुढची कागदपत्रं वाढतात. आणि एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात आपोआप चालत नाही.

अर्जाचा भाग तुलनेने सोपा आहे. गुणपत्रकांचं मूल्यांकन, इंग्रजीची परीक्षा, शिफारसपत्रं, हेतुपत्र, मुलाखत. आपली तीन वर्षांची पदवी काही विद्यापीठं स्वीकारतात, काही नाही, म्हणून शुल्क भरण्याआधी विचारून घ्यावं.

शिफारसपत्राबद्दल मात्र शिक्षकांशी दोन शब्द बोलायचे आहेत. ‘कष्टाळू, नम्र, वर्गात पहिली’ हे या पदवीसाठी जवळजवळ निरुपयोगी आहे. निवड करणाऱ्यांना हवं असतं ते असं की ही व्यक्ती दुसऱ्याचं ऐकताना अस्वस्थता सहन करू शकते का, चूक दाखवली तर काय करते, दोन भांडणाऱ्यांपैकी एकाची बाजू न घेता बसू शकते का. गटप्रकल्पातला एखादा खरा प्रसंग चार ओळींत लिहा, तो पानभर विशेषणांपेक्षा उपयोगी पडेल. हेतुपत्रातही ‘लोक माझ्याजवळ मन मोकळं करतात’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक जण लिहितो. त्यापेक्षा संस्थेत, शाळेत, हेल्पलाइनवर काय काम केलं ते सांगायला लावा.

अभ्यासक्रमात सर्वांत जड जाणारी गोष्ट परीक्षा नसते. स्वतःच्या तीन पिढ्यांचा नकाशा काढायला सांगतात, त्याला जेनोग्राम म्हणतात. पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ, घट्ट नात्याला जास्त रेषा, भांडणाला नागमोडी रेघ. आपल्याकडच्या मुलाला त्यात बांधावरून बोलणं तुटलेले काका येतात, माहेरी परत आलेली आत्या येते, घरात कधीच उच्चार न होणारं एखादं लग्न येतं. आणि हे वर्गासमोर मांडायचं! घरचं बाहेर बोलू नये, हे आपणच शिकवलेलं असतं. अशा वेळी फोनवर ‘कशाला असलं काही सांगितलंस’ असं पालकांनी म्हटलं, तर मूल दोन्हीकडून अडकतं. आधीच बोलून ठेवा की काय सांगायचं आणि काय नाही हे तुझं तू ठरव.

दुसरी अडचण जरा वेगळी. मिनुचिन यांच्या पद्धतीत कुटुंबातल्या सीमारेषांना फार महत्त्व आहे. आजी नातवाला भरवते, सासू सुनेच्या स्वयंपाकघरात सल्ला देते, हे नवख्या डोळ्यांना सीमा पुसल्यासारखं दिसू शकतं. आपल्या विद्यार्थ्याने इथे गप्प बसू नये असं मला वाटतं. एकत्र कुटुंबातही सीमा असतातच, फक्त त्या खोल्यांच्या नसतात, मानाच्या आणि क्रमाच्या असतात. देखरेख करणाऱ्या शिक्षकांपुढे हे मांडणं हाच त्याचा अभ्यास आहे.

आणि परत यायचं ठरलं तर? भारतात या नावाचा वेगळा सरकारी परवाना नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी पुनर्वास परिषदेकडे होते, पण ती तिने मान्य केलेल्या अभ्यासक्रमांवर, एमएफटीवर नाही. १९८४च्या कायद्याने आलेल्या कौटुंबिक न्यायालयांत समुपदेशक असतात, मात्र महाराष्ट्रात त्या पदांसाठी सहसा समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी मागतात. खासगी समुपदेशन, स्वयंसेवी संस्था, शाळा, अध्यापन हे मार्ग खुले आहेत. तिथला पगार इथल्या कर्जाच्या हप्त्याला पुरेल का, हा हिशेब पालकांनी मुलीसोबत बसून, अर्जाचं शुल्क भरण्याआधी करायचा आहे. इथेच काम करायचं पक्कं असेल, तर समाजकार्य किंवा क्लिनिकल सायकॉलॉजीचे इथले अभ्यासक्रम आधी बघून घ्या.