पडद्यामागील कामांची नोंद

जबलपूर हे रेल्वेच्या इतिहासातील एक संगमस्थान होय. अलाहाबादकडून आलेला लोहमार्ग येथे १८६७ साली पोचला व मुंबईकडील मार्ग १८७० साली त्यास येऊन मिळाला. २००३ पासून पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय याच शहरात आहे.

दोन स्थानकांमधील गाडी कोणत्याही स्टेशनमास्तरास दिसत नाही. म्हणून ‘लाइन क्लिअर’ केव्हा दिला, गाडी केव्हा सुटली, केव्हा पोचली, हे ट्रेन सिग्नल रजिस्टरात त्याच क्षणी लिहितात. चुकलेली नोंद खोडून नाहीशी करता येत नाही. ती वाचता येईल अशी रेघ मारून दुरुस्ती करावी लागते.

संगणकीय व्यवहारांतही अशी न दिसणारी कामे असतात. आरक्षणतक्ता तयार झाल्यावरही ई-तिकीट पूर्णतः प्रतीक्षायादीत राहिले, तर ते आपोआप रद्द होऊन पैसे परत पाठविले जातात. त्या वेळी प्रवासी संकेतस्थळासमोर बसलेला नसतो. अशी कामे रांगेत ठेवली जातात व दुसरा प्रोग्राम ती एकामागून एक उरकतो. पडद्यावरील काम बिघडले तर माणसास तत्काळ कळते. पार्श्वभूमीवरील काम मात्र मुकाट्याने बंद पडते.

यावर उपाय नोंदवहीचाच. पहिला नियम असा, की कामाचा आरंभ आणि शेवट दोन्ही लिहावेत. केवळ यश नोंदविले, तर फसलेले काम आणि सुरूच न झालेले काम यांत भेद उरत नाही. आरंभ आहे पण शेवट नाही, याचा अर्थ काम अद्याप चालू आहे किंवा मध्येच थांबले आहे. दुसरा नियम, प्रत्येक कामास एकच क्रमांक असावा व तो सर्व टप्प्यांवर लिहावा. वेळ, प्रयत्न कितवा आणि अपयशाचे कारण हेही हवे.

याचे महत्त्व पुढील प्रसंगी ध्यानात येते. बँकेने पैसे जमा केले, परंतु पोच वाटेतच हरवली, असे समजा. काम पुन्हा केले तर रक्कम दोनदा जाण्याचा संभव. न केले आणि पैसे पोचलेच नसतील, तर प्रवासी नाडला जातो. दोन्हीकडे तोच क्रमांक नोंदलेला असेल, तर नोंदी ताडून निर्णय करता येतो.

मात्र नोंदवहीत पासवर्ड किंवा कार्डाचे क्रमांक लिहू नयेत. ती अनेकांच्या दृष्टीस पडते. शिवाय ठरावीक काळानंतरही शेवट न लागलेली कामे कोणी तरी नियमितपणे पाहिली पाहिजेत. न वाचलेली नोंद ही न केलेल्या नोंदीहून फारशी निराळी नसते.