अकरावीचा प्रवेश : निवड विचारपूर्वक व्हावी

दहावीचा निकाल लागला की गावोगावी आनंदाबरोबरच एक प्रश्न उभा राहतो : पुढे कोठे जावयाचे? अनेक कुटुंबांत त्याचे उत्तर शेजारचा मुलगा कोठे गेला यावरून ठरते. परंतु पंधराव्या-सोळाव्या वर्षीचा हा निर्णय पुढील वाट निश्चित करीत असल्याने तो ऐकीव माहितीवर सोपविणे इष्ट नव्हे.

कोठारी आयोगाने (१९६४-६६) पुरस्कारिलेल्या १०+२+३ या आकृतिबंधात अकरावी-बारावीची दोन वर्षे हा शालेय व उच्च शिक्षणामधील दुवा आहे. येथे सोडलेला विषय पुढे सहजासहजी हाती येत नाही. गणित सोडणाऱ्यास अभियांत्रिकी पदवीच्या बहुतेक शाखांचा मार्ग अवघड होतो. जीवशास्त्र न घेणाऱ्यास वैद्यकीय शिक्षणाचा. म्हणून आधी विषय ठरवावेत, मग महाविद्यालय. तीन वर्षांचा तंत्रनिकेतन पदविका अभ्यासक्रम आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था हे पर्यायही तितक्याच गांभीर्याने पाहावेत. पदविकाधारकास अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेशाची सोय आहे.

महाविद्यालय निवडताना केवळ मागील वर्षाची गुणमर्यादा पाहणे पुरेसे नाही. संस्थेस मान्यता आहे काय, हवे ते विषय शिकविण्यास पूर्णवेळ शिक्षक आहेत काय, प्रयोगशाळेत प्रात्यक्षिके नियमित होतात काय, एकूण शुल्क किती, याची समक्ष चौकशी करावी. नाव एका महाविद्यालयात आणि अध्ययन खाजगी शिकवणी वर्गात, अशी व्यवस्था काही ठिकाणी आढळते. बारावीच्या परीक्षेसाठी राज्य मंडळाच्या नियमानुसार ७५ टक्के उपस्थिती आवश्यक आहे, हे पालकांनी विसरू नये.

ग्रामीण भागात अंतर हाच अनेकदा निर्णायक मुद्दा ठरतो. नामांकित महाविद्यालयात प्रवेश मिळालेली मुलगी सायंकाळची शेवटची एस.टी. चुकते म्हणून वर्षाच्या मध्यावर घरी बसली, तर त्या नामांकनाचा तिला काय उपयोग? ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत अहिल्यादेवी होळकर योजनेखाली एस.टी.चा मोफत पास मिळतो. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार, तर आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् या योजना आहेत. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या पात्र विद्यार्थ्यास त्यांतून भोजन व निवासासाठी साहाय्य मिळते.

२०२५-२६ पासून अकरावीची केंद्रीभूत ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया राज्यभर लागू झाली. विद्यार्थ्यास दहा महाविद्यालयांपर्यंत पसंतिक्रम देता येतो. त्या वर्षीच्या नियमाप्रमाणे पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळूनही प्रवेश न घेणारा विद्यार्थी पुढील नियमित फेऱ्यांना मुकतो. ज्या महाविद्यालयात जावयाचे नाही, त्याचे नाव पहिल्या क्रमांकावर लिहिण्याची चूक म्हणूनच महागात पडते.

हा अर्ज अनेक घरांत प्रथमच भरला जात असतो. शिक्षकांनी निकालापूर्वीच पालकसभा घ्यावी. पंचायत सदस्यांनी ग्रामपंचायत कार्यालयातील संगणक अर्ज भरण्याच्या दिवसांत विद्यार्थ्यांना उपलब्ध करून द्यावा, आणि महाविद्यालयाच्या वेळा एस.टी.च्या वेळापत्रकाशी जुळतात की नाही हे आगारात जाऊन पाहावे. एवढे झाले तरी अनेक मुलामुलींचे शिक्षण अर्ध्यावर थांबणार नाही.